पुराची पेटी

१

मुळशीला असताना आमचा दिवस मागच्या दाराला लाथ मारून सुरू व्हायचा. रागानं नव्हे. पावसाळा लागला की ते दार फुगायचं आणि चौकटीत असं घट्ट बसायचं की कडी काढली तरी हलायचं नाही. आधी मी ढकलून बघायची, मग हे खांदा लावायचे, आणि शेवटी दोघं मिळून एकदम लाथ घालायचो. दार धाडकन उघडलं की समोर धरणाचं पाणी, त्यावर धुकं आणि अलीकडे भाताची खाचरं. इतक्या वर्षांनी त्या घराची आठवण निघाली की मला आधी ती लाथ आठवते, आणि त्यामागून यांचं हसणं.

हे तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गाव यांना डॉक्टरच म्हणायचं, कारण खरे डॉक्टर पौडहून आठवड्यातून एकदा यायचे, तेही ओढे उतरलेले असले तर. राहायला आम्हाला दवाखान्यामागचं घर मिळालं होतं. दगडी भिंती, मंगलोरी कौलं, दोन खोल्या आणि पुढं पडवी. घर वाईट नव्हतं, पण तिथल्या पावसापुढं कुणाचं चालतं? खिडक्या लागायच्या नाहीत, आणि लागल्या तर उघडायच्या नाहीत. स्वयंपाकघरातली फळी एका बाजूला कलली होती, त्यामुळे सगळे डबे घसरत घसरत एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. खाट तर इतकी करकरायची की कूस बदलायची चोरी.

गावात सुतार एकच, हैबतराव. "येतो की वैनी, उद्याच्याला येतो," असं तो ज्येष्ठात म्हणाला होता. भाद्रपद लागला तरी त्याचा उद्या काही उजाडला नव्हता.

आणि यांचं म्हणाल, तर औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी असे सुबक कापून लावायचे की बघत राहावं. पण हातात हातोडी दिली की ती हमखास स्वतःच्याच अंगठ्यावर. मी चिडवायची, "आता स्वतःलाच टिंक्चर लावा." हेही हसायचे आणि खरंच टिंक्चर लावायचे.

आम्हाला मूल नव्हतं. दोनदा आशा लागली आणि दोनदा मोडली. हे त्यावर कधी बोलले नाहीत. पण दवाखान्यात कुणाचं पोर रडायला लागलं की हातातली बाटली ठेवून त्याला कडेवर घ्यायचे, आणि ते गप्प झालं तरी खाली सोडायचे नाहीत. मला दुसरी कसलीच भीती नव्हती. हा माणूस एक दिवस मनानं या घरातून निघून जाईल आणि मला कळणारही नाही, एवढीच होती.

२

गणपती उठल्यावर एका रविवारी आम्ही पुण्याला गेलो. "माझ्या घराची डागडुजी मी करीन. हैबतरावाच्या मिनतवाऱ्या करणार नाही," असं यांनी जाहीर केलं होतं. घरात एक साधासा हत्यारांचा संच हवा, आपल्याला परवडेल असा, एवढंच ठरलं होतं.

तो एसटीचा प्रवास मला अजून तोंडपाठ आहे. खिडकीशी मी, मांडीवर पोळीभाजीचा डबा, शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यात हे. पौड मागं पडलं, भूगाव गेलं, बावधन आलं. बावधनला तेव्हा शेतांखेरीज काही नव्हतं, दोन बैल आणि एक विहीर, संपलं गाव. मी यांना म्हटलं, इथं कोण राहायला येणार हो? हे म्हणाले, आपण म्हातारपणी येऊ.

बोहरी आळीत आधी नवी हत्यारं बघितली. चकचकीत होती. भाव ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं, दुकानदाराला "जरा फिरून येतो" म्हणालो आणि फिरत फिरत थेट जुन्या बाजारात गेलो.

त्याच आषाढात पानशेतचं धरण फुटलं होतं. पुणं नुकतं कुठं सावरत होतं, आणि जुना बाजार पुराच्या मालानं भरला होता. बंद पडलेली घड्याळं, गाळानं भरलेली बाजाची पेटी, पाण्याची रेघ उमटलेल्या देवाच्या तसबिरी. माल स्वस्त, म्हणून गर्दीही मरणाची. मला ते बघवत नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, मीही एक पितळी डबा हातात घेऊन बघितलाच.

गोणपाटावर एक लाकडी पेटी उघडी पडली होती. आत हातोडी, करवत, रंधा, पटाश्या, गिरमिट, कानस, पक्कड, सगळं आपापल्या खाचेत नीट बसवलेलं. लोखंडाला गंजाचा ठिपका नव्हता. विकणाऱ्यानं सांगितलेला भाव ऐकून यांनी पुन्हा विचारला.

"पुराची पेटी आहे साहेब, म्हणून या भावात," तो म्हणाला.

"पण होती कुणाची?"

"नदीची. नदीनं काठाला आणून ठेवली, मी उचलली."

यांनी घासाघीससुद्धा केली नाही. परतीच्या गाडीत पेटी आमच्या दोघांच्या पायांत होती. बावधन मागं पडलं तेव्हा माझ्या पायांना गार लागलं. बघितलं तर पेटीच्या खालून पाण्याचा एक बारीक ओघळ बाकाखाली निघाला होता. त्याच दिवशी दुपारी कोरड्या गोणपाटावर उघडी पडलेली पेटी ती. म्हटलं, कुणाची तरी कळशी लवंडली असेल.

३

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटपून हे आले आणि कललेली फळी काढायला बसले. मी टिंक्चर तयारच ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. खिळा एका दमात आत, दुसरा एका दमात आत. फळी अशी सरळ बसली की डबे आपापल्या जागी उभे राहिले, शहाण्या पोरांसारखे. मग खिडक्या झाल्या, खाट झाली. मागचं दार बिजागऱ्यांतून काढून रंधून पुन्हा बसवलं, तर ते नुसत्या बोटानं उघडायला लागलं.

सकाळची लाथ बंद झाली. सांगायला चोरी कशाला, मला थोडं चुकल्यासारखंच झालं.

"हात कुठं शिकून आला हो?" मी विचारलं.

"हत्यार चांगलं असलं की हात आपोआप चालतो," हे म्हणाले. त्यांना स्वतःलाच मोठं नवल वाटत होतं. घामेजलेला चेहरा, केसांत लाकडाचा भुसा. मला ते तेव्हा फार देखणे वाटले.

मग माझ्या लक्षात आलं की हातोडी डाव्या हातात आहे.

हे डावखुरे नव्हते. मी तसं म्हटल्यावर त्यांनी हाताकडे बघितलं, हातोडी उजव्या हातात घेतली, आणि कसंसंच वाटून परत डाव्यात घेतली. "दांडाच तसा आहे. बघ."

मी हातात घेऊन बघितलं. वर्षानुवर्षं वापरून लाकडात बोटांच्या खाचा पडल्या होत्या. पटाशीला तशाच, करवतीलाही तशाच. डाव्या हाताच्या. करंगळीच्या जागी मात्र खाच नव्हती, तिथं लाकूड नव्यासारखं गुळगुळीत होतं.

आणि दांडे ओले होते. लोखंड कोरडं, लाकूड ओलं. मी ते सगळे पडवीत उन्हाला लावले. संध्याकाळी हाताला कोरडे लागले, सकाळी पुन्हा ओले, आणि वास गाळाचा. आता मुळशीची हवाच तशी. ट्रंकेतल्या लुगड्यांना बुरशी यायची, चपला हिरव्या व्हायच्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, कंपाउंडरची बायको. ओल्या हवेत लाकूड ओलं होणारच, असं मी मनाशी म्हटलं आणि दांड्यांना गोडं तेल चोळलं.

४

खंडेनवमीला घराघरातून हत्यारं पुजतात. शेतकरी कोयता-विळा पुजतो, सुतार रंधा पुजतो. आमच्या माहेरी तर भावाची सायकलही पाटावर चढायची. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, कुणी हात लावायचा नाही. इतकी वर्षं आमच्याकडे पुजायला काय, तर माझी विळी आणि यांची कात्री. त्या वर्षी पेटी होती. मी मोठ्या हौसेनं पाट मांडला, एकेक हत्यार पुसून ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. पुरणाचा नैवेद्य दाखवला. हे हात जोडून दवाखान्यात गेले.

तानूबाई दूध घालायला आली ती दारातच थबकली. वरच्या अंगाला धनगरवाडा होता, तिथली ती. तिचा नवरा धुळाजी मेंढरं राखायचा. एरवी बाई दूध मापता मापता सगळ्या गावाची खबर सांगायची. त्या दिवशी पाटाकडे बघत राहिली.

"ही कुनाची हत्यारं, बाई?"

"आमचीच. पुण्याहून आणली."

"आन् ह्या आधी कुनाची व्हती?"

"काय माहीत. पुरातली आहेत."

तिनं दूध ओतलं आणि उंबऱ्यावर न टेकता निघून गेली. मला जरा रागच आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुणी असं तोंड करून जातं?

दुपारी मी पडवीत पान खात बसले होते. आतून रंध्याचा आवाज आला. लांब, सावकाश, एका लयीत. सर्रर्र, मग थोडं थांबून पुन्हा सर्रर्र. ऐकायला गोड आवाज असतो तो. मी बऱ्याच वेळानं सावध झाले, कारण हे दवाखान्यात होते.

आत गेले. हत्यारं पाटावर, फुलं जागच्या जागी. रंध्याला मी लावलेलं कुंकू मात्र ओघळलं होतं, आणि जमिनीवर लाकडाचा एक लांबलचक छिलका पडला होता. मी तो उचलला. पिळला असता तर पाणी निघालं असतं, इतका ओला होता.

मग मी नैवेद्याच्या ताटाकडे बघितलं. पुरणाला बोटं लागली होती. मांजर असेल. त्या घरात मांजरं फार यायची.

५

दसऱ्यानंतर यांचं काम थांबेना. मोडलेलं सगळं दुरुस्त झालं होतं, आता न मोडलेलं दुरुस्त व्हायला लागलं. आणि जे जे यांच्या हाताखालून जाई, ते ते वर जाई. खाटेला उंच पाय लावले. देवांचा कोनाडा भिंतीत होता, तर देव उचलून आढ्याजवळच्या फळीवर. डब्यांची फळी काढून अशी वर ठोकली की मला पाट घेऊन चढावं लागे.

"अहो, मला हात पुरत नाही तिथं."

"पाण्याचाही पुरणार नाही," हे म्हणाले.

मग मला उमगलं, म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं. दाराबाहेर एवढं मोठं धरण आणि त्या वर्षी सगळ्यांच्याच मनात पानशेत. गावात रोज तेच बोलणं. हे घाबरले असतील तर त्यात वावगं काय? मी त्यांची समजूत घातली की आपण धरणाच्या वरच्या अंगाला आहोत, आपलं धरण फुटलं तर पाणी आपल्यापासून लांब जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माळा करायला घेतला.

आतल्या खोलीवर, कौलांच्या खाली, तुळयांवर फळ्या टाकून माळा. कडेला छोटा कठडा. वर जायला शिडी. ती शिडी त्यांनी इतक्या मायेनं केली की काय सांगू. पायऱ्या कानसेनं घासून गोल केल्या, कुठं कुसळ लागू नये म्हणून हात फिरवून फिरवून पाहिल्या. पण पायऱ्या फार जवळ जवळ होत्या. माझ्या पायाला अडखळायला व्हायचं.

"इतक्या जवळ का?"

हे लाजल्यासारखे हसले. "लहान पाय पडतील कधीतरी."

मी आत जाऊन डोळ्याला पदर लावला. दुःखानं नव्हे. हा माणूस अजून आस धरून आहे, माझ्यासकट धरून आहे, असं वाटून मला भरून आलं होतं. त्या घरातल्या माझ्या सुखाच्या क्षणांत तो अजूनही आहे. पुढं काय झालं ते माहीत असूनही.

दोन-तीन दिवसांनी ते शिडीसमोर उभे राहून पुटपुटले, "मधली पायरी अजून खाली घ्यायला हवी. धाकट्याचा पाय पोचत नाही."

"कुठल्या धाकट्याचा?" मी विचारलं.

त्यांनी झोपेतून उठल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "मी कुठं काय म्हणालो?"

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली, डाव्या हातानं कालवण लावून खाल्लं. त्यांनी करंगळी तळहाताशी अशी दुमडून धरली होती की जणू ती नाहीच.

६

ते सगळं मी मनातल्या मनात खोडून काढत होते. दमलेत. पुराच्या बातम्या मनावर घेतल्यात. दवाखान्यात काम वाढलंय. माझ्याजवळ कारणांचा तोटा नव्हता.

एका रविवारी दुपारी मी चहा घेऊन आतल्या खोलीत गेले. हे शिडीच्या मधल्या पायरीवर उभे होते, कठड्याला शेवटची पट्टी बसवत. खिडकीतून छान ऊन आलं होतं. त्या उन्हात भुसा तरंगत होता, आणि लाकडाचा ताजा वास सगळ्या घरात भरला होता. मी दारातच उभी राहिले, नुसती बघत. नवरा घर करतोय आणि बायको चहा घेऊन आलीये, याहून बाईला काय हवं असतं?

त्यांनी हात मागं केला, न बघता, हातात काही हवं असल्यासारखा. मला वाटलं, मी आल्याचं कळलं आणि चहा मागतायत. मी एक पाऊल पुढं टाकलं.

वरून, माळ्याच्या कडेवरून, एक हात खाली आला आणि त्यानं पटाशी यांच्या हातात दिली. पातं स्वतःकडे आणि दांडा यांच्याकडे, कारागिरानं कारागिराला द्यावी तशी. डावा हात. सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओली होती आणि तिच्या टोकाला गाळ लागला होता. करंगळीच्या जागी काही नव्हतं. यांनी पटाशी घेतली, वर बघितलंसुद्धा नाही. रोजच्या सवयीचं असल्यासारखं. हात सावकाश परत गेला.

कठड्याच्या फटींतून त्याच्या मागं अजून काही दिसत होतं. फळ्यांना लागून काहीतरी लहान, एकमेकांना बिलगून बसलेलं. मी मान वळवली. जे पुरतं दिसलं नाही, ते बघायचा मला धीर झाला नाही.

पायरीवर टपकन थेंब पडला.

"लीले," हे म्हणाले, "जरा दोरी दे गं."

माझं नाव रत्ना.

७

मी चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. डोक्यावर पदर नाही, पायात चपला नाहीत. चढ चढून धनगरवाड्यावर गेले. तानूबाई झोपडीपुढं लोकर निवडत बसली होती. मला बघून तिनं फक्त घोंगडीवर जागा केली. तिनं काही विचारलं नाही, म्हणून मला सगळं सांगता आलं.

"आमच्यात मानूस गेलं की त्येच्या कुऱ्हाडीचं लोखंड घरात ऱ्हातंय," ती म्हणाली. "दांडा त्येच्यासंगं जातुया, सरणावर. माझ्या सासऱ्याचाबी गेला. हात बसल्याला असतुय न्हवं त्यावर."

"हा माणूस सापडलाच नसेल, तानूबाई. पुरात गेला असेल."

"व्हय. त्येला सरान कुटलं? आन् तुमी त्येची हत्यारं पुजली, निवद दावला. त्येला वाटलं, बलावलंय. त्यो आला."

मला राग आला, रडूही आलं. "मी सगळ्यांसारखीच खंडेनवमी केली."

"तुमी काय वंगाळ न्हाई केलं, बाई. पर धनी ठावं न्हाई, त्येचं हत्यार पुजू नये."

"माझा नवरा मला दुसऱ्याच नावानं हाक मारतोय."

लोकर निवडणारे तिचे हात थांबले. "मंग येळ नगा लावू. लोखंड ऱ्हाऊ द्या, लाकूड तेवडं जाळा. दिसाउजेडी जाळा. आन् त्यो जायाला लागला म्हंजी त्येच्याकडं बघू नगा. त्येला लाज वाटंल असं काय करू नगा."

हे सगळं खुळ्यासारखं आहे, असं उतरताना मी स्वतःला बजावत होते. नवऱ्याला पुण्याला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवावं, हे शहाणपणाचं. पण डॉक्टरला मी काय सांगणार होते? माझा नवरा फार चांगली शिडी करतो?

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेल्यावर मी मागच्या दाराजवळच्या न्हाणीतली चूल पेटवली. हातोडीचा दांडा दगडावर आपटून सोडवला, पटाश्यांचे ओढून काढले, करवतीची मूठ फोडली. रंध्यातलं पातं तेवढं काढून घेतलं. लोखंड सगळं पेटीत परत ठेवलं, कारण ते वाया घालवायचं माझ्या जिवावर आलं. लाकूड चुलीत घातलं. पेटेना. आधी नुसता सूं सूं आवाज, मग पाणी, जाळाच्या कडेनं तपकिरी पाणी. मी रॉकेल ओतलं. धूर असा दाटला की नदीकाठी उभं असल्यासारखा गाळाचा वास घरभर झाला.

मग दांडे एकदम धडधडून पेटले.

आतल्या खोलीत माळ्याची फळी करकरली. शिडीवर पाऊल वाजलं. जड, दमलेल्या माणसाचं, एकेक पायरी. त्या जवळ जवळ पायऱ्यांवर ते पाऊल अडखळत होतं, माझं अडखळायचं तसंच. एक माणूस खाली उतरला. मी चुलीकडे तोंड करून बसले होते, आणि माझ्या पाठीमागून ओल्या कपड्यांचा गार वारा गेला. मागच्या दाराशी तो थांबला. किती वेळ थांबला! परत आत बघत असावा, असं मला पाठीनं कळत होतं. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

दार नुसत्या बोटानं उघडावं तसं उघडलं, आणि मिटलं.

८

संध्याकाळी हे आले. मी जीव मुठीत धरून बसले होते. यांनी टोपी काढली, खुंटीला अडकवायला गेले, आणि खुंटी ढिली होती म्हणून चुलीजवळचा दगड घेऊन ठोकायला लागले. उजव्या हातानं. तिसऱ्या ठोक्याला दगड अंगठ्यावर बसला.

"आई गं," हे म्हणाले. "रत्ना, टिंक्चर कुठंय?"

मी इतकी हसले, इतकी हसले, की हसता हसता खाली बसले आणि मग मला रडू आवरेना. हे अंगठा तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही समजत नव्हतं. हत्यारांचे दांडे किडले म्हणून जाळले, असं मी सांगितलं. "बरं केलंस," हे म्हणाले. "मला तरी कुठं जमत होतं ते?" मी त्यांचा अंगठा धुतला, टिंक्चर लावलं, फडकं बांधलं. ती मऊ, नखं कापलेली बोटं पुन्हा माझ्या ओळखीची होती. माझा माणूस मला परत मिळाला होता. देवापुढं दिवा लावायला वर हात पुरला नाही, तर यांनी मला उचलून धरलं, नव्या नवरीला धरावं तसं.

पानं वाढली. हे जेवायला बसले, आणि भात कालवायला लागले. कंदिलाच्या उजेडात सगळं कसं निवांत होतं. बाहेर धरणाच्या पाण्याचा नेहमीचा चुबुक चुबुक आवाज.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, वरून, माळ्यावरून एक लहान, झोपाळलेला आवाज आला.

"बाबा, पाणी उतरलं?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. यांनी मान वर केली नाही. घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"नाही रे अजून," हे म्हणाले. आवाज यांचाच होता, दवाखान्यात पोरांना समजावतानाचा. "झोपा तुम्ही. मी आहे खाली."

वर काहीतरी हललं, कूस बदलल्यासारखं, आणि शांत झालं. मग यांनी माझ्याकडे बघितलं. इतकं भरलेलं, इतकं सुखी तोंड मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आवाज खाली घेतला, झोपलेल्या पोरांच्या घरात घेतात तसा.

"थोडा भात झाकून ठेव गं," हे म्हणाले. "मधेच उठले तर लागेल."

मी भात झाकून ठेवला.